रुक्मीचा व्हिडिओ

तुमी बसा, मी हुबीच बरी हाय. मला बसून बोलाया जमत न्हाई, पयल्यापासनंच न्हाई, कारण काय सांगू तुमाला, माजा जलमच बिऱ्हाड चालतं असताना झाला. आमी मेंढरंवालं. माणात पाऊस न्हाई, चारा न्हाई, मंग दिवाळी सरली की आमचा बा मेंढरं भाईर काढायचा आन् घोड्यावर बिऱ्हाड टाकून आमी समदी कृष्णाकाठाला, कऱ्हाडाकडं, वाळव्याकडं, पाण्याच्या मुलखात. तिथल्या बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत हुतं न्हवं, आन् त्यापायी त्यो जुंधळा द्यायचा, कवा गूळ बी द्यायचा. आई सांगायची, वाळव्याच्या शिवारात उसाच्या बांधाला तू झालीस आन् तिसऱ्या दिशी आमचं बिऱ्हाड हाललं. तर असं हाय. एका जागी बूड टेकलं की मला वाटतं कायतरी चुकतंय, कुणीतरी म्होरं निघून गेलंय आन् मीच मागं ऱ्हायले.

मामा वडूजला हुता, त्यानं मला ठिवून घेतलं म्हणून सातवी झाली. सातवी म्हंजी त्या टायमाला आमच्यात लय झालं. मराठी मी भराभरा वाचते, इंग्रजी मातुर अक्षर वळखते आन् शब्द वळखत न्हाई. हे ध्येनात ठिवा, ह्याच्यातच समदं घोडं अडलं.

लगीन होऊन आले ती दहिवडीच्या अल्याडल्या गावात. आमचं मालक फलटणला साखर कारखान्यावर वॉचमन हायत, आठवड्याला घरी येत्यात. त्याच वर्साला माजी चुलत जाऊ नांदायला आली. तिचं नाव मी सांगणार न्हाई, तुमाला लिवायला कायतरी लागतंयच तर रुक्मी लिवा. आमी दोघी एका मांडवात न्हाई पर एका सालातल्या नवऱ्या, दोघींच्या सासवा सारख्याच तोंडाळ, त्यामुळं आमचं जमलं. ती मला आक्का म्हणायची, सा म्हैन्यानं मोठी म्हणून आक्का. मला पिशवीच्या ऑपरेशनला साताऱ्याला ठिवलं तवा माजी सख्खी भैन आली न्हाई पर रुक्मी आठ दिस माज्या खाटंखाली चटई टाकून झोपली. माजं लुगडं तिनं धुतलं, आन् ते कसलं लुगडं असतं ऑपरेशन झालेल्या बाईचं ते तुमाला सांगाया नगं. एवढं सांगते मंजी म्होरचं तुमाला कळंल.

तिचं मालक गलाईला. गलाई म्हंजी सोनं गाळायचं काम, जुनंपानं सोनं भट्टीत वितळवायचं, तेजाबात घालायचं आन् चोख करून द्यायचं. आमच्या माण-खटावातली, आटपाडीकडची किती पोरं ह्या धंद्यात देशभर गेल्यात, एकेक तर पार तामिळनाडूत जाऊन तिथली भाषा बोलाया लागल्यात. रुक्मीचं मालक बी तिकडंच, मदुराईकडं. दुसऱ्याच्या दुकानात भट्टीवर हुबा ऱ्हायचा, दोन वर्सांनी नायतर तीन वर्सांनी घरी यायचा. पयल्या येळंला आला तवा बायकूला डोरलं घिऊन आला, त्यातल्या दोन वाट्या त्यानं सोता सोनं गाळून केल्याल्या. त्या बारीक हुत्या, पर ती कुणाला बी पदर बाजूला सारून दावायची, बघ आक्का, चोख हायत.

आता संस्थेचं सांगते. एका सालाला वळवाचा पाऊस झाला, कवळं गवत उगवलं, शेरडं अधाशावानी चरली आन् पटापटा मरायला लागली. पोट फुगायचं, पाय झाडायची, खलास. माज्या चार गेल्या. आंत्रविषार म्हणत्यात त्याला, हे आता म्हायती, तवा आमी म्हणलं करणी. त्याची लस असती आन् पावसाच्या आदी टोचली तर जनावर मरत न्हाई, हे सांगायला संस्थेची माणसं आली तवा म्या म्हणलं मंग टोचायला शिकवा की मला. शिकवलं. सुई धरायची कशी, बर्फाच्या पेटीत लस किती येळ ऱ्हाती, जंताचं औषीद किती. सासू म्हणली शेरडांची नर्स झाली म्हणं. झाले तर झाले. सात गावं मी पायानं फिरायची, आन् मला लय बरं वाटायचं ते, चालायचं आन् चालता चालता काम. बाईच्या हातात नगद पैका येतो त्यो शेरडातनंच येतो आमच्याकडं, पोराची फी, म्हातारीचं औषीद, समदं एक करडू इकलं की भागतं. म्हणून शेरडू जगलं की बाईचा हात मोकळा ऱ्हातो, हे आमच्या संस्थेचं काम. बगा, एका दमात सांगितलं न्हवं? पर हेच जगाला सांगायचं म्हणलं तवा माजी गाळण उडाली.

कारण काय, कसल्या तरी कंपनीचा पैसा संस्थेला यायचा, त्यो करोनाच्या मागनं बंद झाला. संस्थेच्या ताई, पिकल्या केसाच्या, उभी हयात ह्यात घातलेल्या, त्यांनी आमाला सांगलीच्या ऑफिसला बोलवून घेतलं आन् म्हणल्या आता साध्या माणसांकडं मागायचं, मोबाईलवर मागायचं, गावोगावची गोष्ट आपणच सांगायची. एक गाडी घ्यायची हुती, जनावरांच्या दवाखान्याची, आत खाट, फ्रीज, समदं, म्हंजी लस खराब हुणार न्हाई आन् अडल्याली शेळी जाग्यावर सोडवता यील. शिकवायला पुण्याचा एक पोरगेला साहेब आणला हुता. त्यो म्हणला शंभर बायकांचं सांगू नका, एकीचं सांगा. चेहरा दावा. गरज दिसली पायजे. आन् मी बोलती बरी म्हणून माण भागाचा फोन माज्या हातात दिला. पेज का काय ते माज्या फोनात बी घालून दिलं, व्हिडिओ मी काढायचा आन् त्याच्या खालचं इंग्रजी ऑफिसातली प्रणाली लिवणार. प्रणाली सांगलीची, हुशार, गोरी, कवा शेळी धरल्याली न्हाई पर मनानं वंगाळ न्हाई, हे बी लिवा.

तवापासनं माज्या जिवाला सुख न्हाई बगा. पयलं मी सुई टोचली की काम संपायचं. आता काम संपतच न्हाई. व्हिडिओ टाकला की दर दोन मिंटाला बघायचं किती जणांनी बघितला, कोन काय म्हणलं, भाकरी तव्यावर आन् माजा अंगठा काचंवर, दोनदा भाकरी करपली तवा मालक म्हणलं जेवायला बी लिंक पाठीव.

पयला व्हिडिओ म्या किती मनानं केल्ता. बारा बायका, बारा शेरडं, लसीचा दिवस. पर आमच्याकडं रीत अशी हाय, फोटू काढायचा म्हणलं की बाई ठेवणीतलं लुगडं काढणार. न काढून कसं चालंल, घराण्याची अब्रू असती. आदल्या दिशी सांगावा धाडला, उद्या फोटू हाय, तर समद्या लग्नाला निघाल्यावानी आल्या, जरीचं लुगडं, गळ्यात असंल नसंल ते, एकीनं तर जावंची बोरमाळ मागून घातल्याली. आन् हातात शेरडू. समद्या हासायल्या. मला लय आवडला त्यो व्हिडिओ, अजून आवडतो. तर खाली एका माणसानं लिवलं, गळ्यात सोनं घालून मदत मागता, लाज वाटत न्हाई का, माज्या बायकोच्या अंगावर एवढं न्हाई. मराठीतच लिवलं हुतं म्हणून मला वाचता आलं. बाकीच्यांनी बी मंग तेच धरलं. पैसा आला न्हाई. पुण्याचा साहेब फोनवर म्हणला, ताई, गरज दिसत न्हाई.

गरज दिसत न्हाई. हे माज्या डोस्क्यात बसलं. आवं बाईनं चांगलं लुगडं नेसलं म्हंजी शेरडू मरायचं थांबतं का? पर इचारायचं कुणाला. वर ताई रोज इचारायच्या, शालन, नवीन काय केलंस. मी चिडले हुते, त्या माणसावर चिडले हुते, आन् चिडक्या मनानंच रुक्मीकडं गेले.

दुपार हुती. ती जुन्या पातळावर, शेणाचं हात धुवून आल्याली, घामानं कपाळाची टिकली निघून गेल्याली. म्या म्हणलं अशीच बस, व्हिडिओ काढायचाय. ती म्हणली थांब की, लुगडं बदलते. म्या म्हणलं बदलायचं न्हाई. मंग बघितलं तर गळ्यात डोरलं चमकतंय, ऊन बरूबर त्याच वाट्यांवर. म्या म्हणलं रुक्मे, एवढं काढ. तिचं तोंड बघायचं तुमी. म्हणली आक्का, मालक हायत की अजून. म्या म्हणलं दोन मिंटं, लोकं सोनं बघत्यात आन् पैसं देत न्हाईत. आमच्यात डोरलं तुटलं, सोनाराकडं टाकलं तर बाई गळा मोकळा ठेवत न्हाई, पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून घालती तवर. ती म्हणली बरं, मंग हळकुंड तरी बांधू दे. आत हळद हुडकायला निघाली. आन् म्या काय म्हणावं, म्या म्हणलं दोरा दिसंल गं, नगं, लगीच घालायचं हाय न्हवं. आन् म्होरं होऊन माज्या हातानं, ह्या हातानं, तिच्या मानंमागचा फासा काढला. डोरलं माज्या मुठीत धरलं. ती बोलत हुती तवर माज्या मुठीत हुतं ते.

काय बोलली? खरं तेच बोलली. तिची बी शेरडं मेली तवाचं सांगितलं, घरातलं दुसरं कोन न्हाई, एकलीच बघते म्हणली, सासू थकलीया, मुलगी कॉलेजला हाय, शेरडं हायत म्हणून शिकती. मधीच तिचा हात गळ्याकडं गेला, सवयीनं गेला, तिथं काय न्हाई म्हणून परत खाली आला. बघणाऱ्यांना वाटलं बाईला गहिवरून आलं. मलाच ठावं कशानं.

डोरलं लगीच तिच्या गळ्यात घातलं, च्या प्याले, घरी आले, व्हिडिओ ऑफिसला धाडला. प्रणालीनं कापून कुपून छान केला, खाली इंग्रजी लिवलं आन् मला इचारलं, मावशी, टाकू का? म्या त्यो अंगठ्याचा शिक्का असतो न्हवं, त्यो धाडला. आमची आजी कागदावर अंगठा लावायची, काय लिवलंय ते न वाचता, आन् मी तिला हासायची.

चार दिसांत त्यो व्हिडिओ कुठल्या कुठं गेला. परदेशातनं पैसं यायला लागलं. मी रानात न्हाई, घरात न्हाई, आकडा वर चाललाय त्यो बघत हुबी. ताईंनी सांगलीला बोलवून माजा सत्कार केला, शाल, नारळ, पेढं. आन् माज्या अंगावर शाल पडली न्हाई तवर फोन आला, रुक्मीच्या भावाचा, आटपाडीचा. रडत हुता. आक्का, दाजींना काय झालं? आमाला कळीवलं बी न्हाई? म्या म्हणलं काय झालं? तर म्हणला व्हिडिओ बघितला, माज्या भैणीचा गळा मोकळा हाय, आन् खाली लिवलंय तिचा नवरा गेला.

मला खरं वाटंना. प्रणालीला म्हणलं, मराठीत सांग खाली काय हाय ते. तिनं वाचलं, नवरा गेल्यावर एकटीनं संसार पेलणारी बाई. म्या म्हणलं अगं कुणी सांगितलं तुला? ती म्हणली मावशी, गळ्यात काय न्हवतं, कुंकू न्हवतं, एकटी म्हणाली, मला वाटलं. आन् तुम्ही अंगठा दिलात. आता बोला.

गलाईवाल्यांचं एक असतं, हिंदुस्थानभर इखुरल्यात पर फोनवर समदी एका जागी. कुणी कानपूरला, कुणी केरळात, समद्यांच्या गटात त्यो व्हिडिओ फिरला. एकानं रुक्मीच्या मालकाचा फोटू लावून खाली भावपूर्ण श्रद्धांजली लिवलं, हार घातल्याला. आन् त्यो बाबा तिकडं भट्टीवर हुबा, हातात चिमटा, आन् दुकानातली पोरं त्याला फोन दावायल्यात, ह्यो तूच का? इकडं सासूनं ऊर बडवून घेतला. ल्योक जिता हाय, आताच फोनवर बोलला, तरी म्हणायची ह्या बयेनं माज्या लेकाला जित्तेपणी मारला. गावात बायका रुक्मीच्या दारात येऊन बसल्या, काय म्हणून बसल्या त्यांचं त्यांना ठावं न्हाई, पर बसल्या. रुक्मी भिताडाला टेकून, दोन्ही हातांनी डोरलं धरून.

मी गेले तर मला म्हणली, आक्का, काढून टाक त्यो व्हिडिओ. एवढंच म्हणली, भांडली न्हाई.

आता हितनं म्होरचं म्या कुणाला सांगितलं न्हाई, मालकांना बी न्हाई, तुमाला का सांगायले ते मला ठावं न्हाई. म्या ताईंना फोन लावला. म्हणलं ताई, काढते. ताई म्हणल्या, शालन, खालचं लिवणं बदलते मी आत्ताच, पर व्हिडिओ आठ दिस ऱ्हाऊ दे, गाडीला थोडंच कमी पडतंय, आठ दिसांत भागंल, मंग तू म्हणशील तसं. त्यांनी आंब्याची बाग इकून संस्था चालीवलीय एकेकाळी, सोतासाठी कवा काय मागितलं न्हाई. पावसाळा तोंडावर हुता. माज्या डोळ्याम्होरं सात गावची शेरडं आली. आन् खोटं कशाला बोलू, माजा सत्कार बी आला.

फोन माज्या हातात. पेज माज्या फोनात. एक बटण दाबायचं काम. आन् मी रुक्मीला म्हणलं, आगं ते एकदा गेलं की निघत न्हाई, कंपनीच्या हातात असतं. तिनं ऐकलं. माज्यावर इस्वास ठिवला. म्हणली, मंग तू तरी काय करणार.

आठ दिस मी जेवले न्हाई असं न्हाई, जेवले. पर एका घासाला दोनदा उठायची. ह्या गावातनं त्या गावाला जायची, काम नसलं तरी जायची. ओढ्यापल्याड कुणाचं शेरडू लंगडतंय म्हणलं की निघाले. रुक्मीच्या दारावरनं जायला लागू नये म्हणून ओढ्याकडनं वळसा घालायची. सातव्या दिशी ताई म्हणल्या पैसं झालं गं, पुरं झालं. आन् म्या म्हणलं आता काढते, आन् काढला न्हाई. का न्हाई ते इचारू नका. एकदा खोटं बोलल्यावर खरं कुठनं सुरू करायचं तेच कळंना. निघत न्हाई म्हणून सांगितल्यालं आज कसं निघालं, तिनं इचारलं तर?

नवव्या दिशी तिचा मालक आला. मधल्या गाड्या बदलत, उतरल्यावर दहिवडीपासनं चालत. वाटंत भेटंल त्यानं त्याला हात लावून बघितलं म्हणं, खरंच जिता हाय का. मला बोलावणं आलं. गेले. ओट्यावर बसल्याला, हाताची बोटं तेजाबानं पिवळी पडल्याली, मान खाली. रुक्मी दारात. सासू आत. मला वाटलं शिव्या देईल, मी शिव्या खायाच्या तयारीनं गेल्ते. त्यानं पाणी द्यायला सांगितलं मला. मंग हळूच म्हणला, वैनी, माज्या मरणावर किती आलं?

गाडीपुरतं आलं म्हणू?

मी आपलं तेच सुरू केलं, भावजी, ते निघत न्हाई, कंपनीच्या हातात... त्यानं हात म्होरं केला. म्हणला, फोन द्या. दिला. भट्टीवर बसून त्यो बी दिसभर फोनच बघतो, त्याला समदं ठावं. पेज उघडलं, व्हिडिओवर गेला, कडंला तीन टिंब असत्यात ती दाबली, आन् फोन माज्याकडं न्हाई, रुक्मीकडं धरला. म्हणला, हे बघ, हितं लिवलंय, काढून टाका. मराठीत लिवलंय.

रुक्मीनं वाचलं. ती चौथी शिकल्याली, एकेक अक्षर लावून वाचलं. मंग माज्याकडं बघितलं.

आक्का, तुला म्हायती हुतं?

व्हय म्हणलं. दुसरं काय म्हणणार. व्हय, मला म्हायती हुतं.

त्यानं फोन माज्या हातात दिला आन् म्हणला तुमीच दाबा. म्या दाबलं. गेलं. एवढा मोठा, लाख लाख माणसांनी बघितल्याला, एका सेकंदात न्हाई असा झाला. रुक्मी आत गेली. तिनं भांडण केलं असतं, झिंज्या धरल्या असत्या तर बरं झालं असतं बगा. ती आत जाऊन भाकरी थापाया लागली, मला थापायचा आवाज ऐकू यायला लागला, आन् मी ओट्याखाली चपला हुडकायले तर चपला पायातच.

त्यानंतर म्या ताईंना सांगितलं, आता आपण जगाला सांगायचं, बाईचा नवरा जिता हाय, चूक आमची हाय, ज्याला पैसं परत पायजे त्यानं मागावं. ताई म्हणल्या असं कोन करत न्हाई, लोकांचा इस्वास जाईल. म्या म्हणलं ताई, इस्वास गेलाय, तुमाला कळीवलं न्हाई कुणी. दोन दिस गेलं. मंग सोता लिवून काढलं आन् त्याच्या खाली सोताचं नाव घातलं. आन् प्रणाली एस्टीनं आली, रुक्मीच्या मालकाच्या पाया पडली. त्यो म्हणला पोरी, तू मला मारलंस म्हणून मी घरी तरी आलो, नायतर दुकानवाला सुट्टी देत न्हवता. त्यो हासला. रुक्मी हासली न्हाई.

काही जणांनी पैसं परत मागितलं. लय जणांनी शिव्या दिल्या. काही म्हणलं ठिवा, शेरडांना लागतील. आता आमचा नेम हाय, व्हिडिओ काढला की पयला त्या बाईला दावायचा, तिच्या घरच्यांना दावायचा, खालचं इंग्रजी मराठीत वाचून दावायचं, मंगच टाकायचा. आन् बायका ठेवणीतली लुगडी नेसून, असंल ते सोनं घालून बसत्यात, म्या काय बोलत न्हाई. पैसा कमी येतो. लय कमी येतो. ताई म्हणत्यात यील, मी म्हणते यील, आन् दोघी बी फोनकडं बघतो.

गाडी मातुर फिरती. पांढरी हाय, बाजूला शेळीचं चित्र हाय. पावसाच्या आदी सातही गावात लस झाली, औंदा एक शेरडू मेलं न्हाई फुगून. लोकं मला मान देत्यात. आन् गाडी आमच्या गावात आली की रुक्मी शेरडं सोडून डोंगराला जाती. एक दिस तर दोन आजारी शेरडं घिऊन ती भर उन्हात दहिवडीला सरकारी दवाखान्यात चालत गेली, आमच्या गाडीच्या कडंनं गेली, डायव्हरनं थांबीवली, म्हणला मावशी, हितंच बघतो की. ती म्हणली नगं बाबा, ही गाडी माज्या मालकाच्या मढ्यावर आलीया. चालत गेली. तवापासनं मी गाडीत बसत न्हाई. मी चालतच जाते, गाडी म्होरं जाती आन् मी मागनं.

मालक तिचा परत गेला मदुराईला. मुलगी कॉलेजला हाय.

आता चार दिसामागची गोष्ट. सकाळी तिची मुलगी पळत आली, काकी, शेळी अडलीया, आई म्हणली बोलीव. आई म्हणली का, म्या तीनदा इचारलं, खरंच म्हणली का. व्हय म्हणली. पिशवी उचलली आन् धावत गेले, माज्या वयाला धावाया व्हत न्हाई तरी धावले. रुक्मी गोठ्याच्या दारात हुबी. माज्याकडं बघितलं न्हाई, माज्या हाताकडं बघितलं.

म्हणली, फोन भाईर ठिव.

ठिवला. गडग्यावर एक दगुड सपाट हाय त्यावर ठिवला आन् आत गेले. करडाचा एक पाय मागं मुडापला हुता. तिनं शेळीचं डोस्कं धरलं, म्या हात धुवून तेल लावून पाय सरळ केला. बोलायचं काय न्हाई, धर, सोड, आता कळ दे, एवढंच. भाईर फोन वाजायला लागला. थांबला, परत वाजला, परत थांबला. ऑफिसचा असणार, कुणीतरी मोठं माणूस बघायला येणार हुतं. एकदा रुक्मी म्हणली वाजतोय. म्या म्हणलं वाजू दे. करडू आलं, पाट हाय, म्हंजी मादी, काळी, कानावर पांढरा ठिपका. म्या तिच्या नाकातलं पुसलं. रुक्मीनं तांब्यानं माज्या हातावर पाणी घातलं, कोपरापातुर घातलं, साबण दिला, परत घातलं.

मी जायला निघाले तवा म्हणलं, येते. आपल्याकडं येते म्हणलं की म्होरचं माणूस ये म्हणतं. ती ये म्हणली न्हाई. पर दारात हुबी ऱ्हायली, मी गडग्यापातुर जाईस्तवर हुबी हुती, दार लावलं न्हाई तिनं. आता ह्याचा अर्थ काय धरायचा ते तुमी शिकल्याली माणसं सांगा. मी चार दिस झालं त्याच्यावरच चालत्याय. रोज करडाला बघायला म्हणून जावं म्हणते, आन् अर्ध्या वाटंतनं परत येते.

देव तिचं बरं करू, तिच्या मालकाला शंभर वर्सं आयुष्य देऊ. माजं काय, मी हिंडत ऱ्हाईन.

आन् तुमी एवढा येळ लिवून घेताय तर आता मी इचारते. हे कुठं जाणार? कोन वाचणार? तुमी पान भरलं, माणूस चांगलं दिसताय, पर मी बी चांगलीच हुते. तवा असं करायचं. घरी जावा, नीट लिवा, माजं नाव लिवा, शालन म्हणून, मला लाज न्हाई. मंग परत हितं या आन् मला अक्षर न् अक्षर वाचून दावा. त्याच्यामागनं आपण दोघं तिच्या दारात जाऊ. मी गडग्याभाईर थांबंन, तुमी आत जावा आन् तिला वाचून दावा, घाई करू नका, तिला सावकाश ऐकू द्या. ती ऱ्हाऊ दे म्हणली तर छापा. न्हाई म्हणली तर तिथंच, तिच्या डोळ्याम्होरं, तिच्या चुलीत घालायचं, एक कागुद मागं ठिवायचा न्हाई. कबूल हाय का? मान हालवू नका, तोंडानं सांगा.